न्यू लिनचे उंदीरमामा



लेखाचं नाव वाचून जुन्या मंडळींच्या कपाळाला आठी पडली असणार. "म्हातारपणी बाईला उंदीर पाळायची हौस आली!" अगदी खरं आहे. आम्हालाच अजून नवल वाटतं. मुंबईच्या चाळीत आम्ही रोज रात्री पिंजरा लावून झोपायचो आणि सकाळी तो बादलीत बुडवायचं काम भावावर ढकलायचो. आणि आज न्यू लिनला आमच्याच बैठकीच्या खोलीत उंदरांचं बिऱ्हाड आहे. ते कसं आलं आणि त्यांनी आम्हाला काय शिकवलं, ते सांगतो. छोट्या दोस्तांनो, तुम्हीही जवळ येऊन बसा. हा लेख अर्धा तुमच्यासाठीच आहे.

अखबार कुठे आहे?

दोन वर्षांपूर्वी आमची लेक, जावई आणि नऊ वर्षांची नात अश्दोदहून इकडे राहायला आली. नात हिब्रू फाडफाड बोलते, आमच्याशी मराठीही बोलते, पण इंग्रजीचा गंध नव्हता. तिला शाळेत घातलं आणि पोरगी गप्पच झाली. बाईंनी सांगितलं, मधल्या सुट्टीत ती मैदानात येत नाही, भिंतीला पाठ लावून उभी राहते. घरी विचारलं तर "काही नाही आजी." आम्ही पदरच्या नर्स, दुखणं विचारून औषध द्यायची सवय. जिथे पेशंट बोलतच नाही तिथे काय विचारणार?

एक दिवस तिने न्यू लिनच्या वाचनालयातून चित्रांचं पुस्तक आणलं. त्यात गव्हाच्या ओंबीवर बसलेला, शेपटीचा वेढा घातलेला एक तांबूस पिटुकला उंदीर. पोरगी म्हणाली, "मला हा हवा." महिन्याभरात तिने आपणहून मागितलेली ही पहिली गोष्ट. नाही कसं म्हणायचं?

हिब्रूत उंदराला 'अख्बार' म्हणतात. पुढे उंदीर घरात आल्यावर आमच्या मिस्टरांनी एका सकाळी सवयीने विचारलं, "अगं, अखबार कुठे आहे?" नात म्हणाली, "पिंजऱ्यात आहे, झोपलाय." त्या दिवशी घरात किती दिवसांनी हसू ऐकलं!

सुगीचा उंदीर

चित्रातल्या उंदराला इंग्रजीत हार्वेस्ट माऊस म्हणतात. आपण त्याला सुगीचा उंदीर म्हणू. ब्रिटन-स्पेनपासून थेट जपानपर्यंत उंच गवतात, बोरूत आणि धान्याच्या शेतात तो राहतो. वजन सहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाच्या चमचाभर साखरेहून थोडं जास्त. शेपटी अंगाएवढी लांब, आणि तिचा शेंडा काडीला गुंडाळून तो पाचव्या हातासारखा वापरतो. म्हणून दोन्ही हात मोकळे ठेवून तो कणसातले दाणे सोलून खातो.

आपल्याकडे सुगरण पक्षी खोपा विणतो ना, तसाच हा उंदीर विणतो. गवताची पाती न तोडता दातांनी उभी चिरतो आणि जागच्या जागी गुंफून गोल घरटं करतो. पानं देठाला लागलेलीच राहतात, म्हणून घरटं हिरवं राहतं आणि गवतात दिसत नाही. इंग्लंडमध्ये सेलबोर्न गावी गिल्बर्ट व्हाईट नावाचे पाद्री होते. त्यांनी १७६७ साली पत्रातून या उंदराचं वर्णन लिहिलं, आणि १७८९ साली ती पत्रं पुस्तकात आली. त्यांनी दोन उंदीर तराजूत घातले तर दोघे मिळून तांब्याच्या अर्ध्या पेनीएवढे भरले. एक घरटं त्यांना मिळालं ते क्रिकेटच्या चेंडूएवढं. टेबलावरून घरंगळत नेलं तरी विस्कटलं नाही, आणि आत आठ उघडी, आंधळी पिल्लं! गंमत म्हणजे २००१ साली विम्बल्डनचे वापरलेले टेनिसचे चेंडू भोक पाडून, काठीवर लावून या उंदरांना घरं म्हणून दिले गेले.

इंग्लंडमध्ये काही लोक हे उंदीर पाळतातही. पण हा हातात घेऊन खेळवायचा प्राणी नाही. त्याला उंच काचेची पेटी लागते, आत उभ्या काड्या, कणसं आणि गवत. आपण बाहेर गप्प बसून बघायचं. पावलांना जमिनीची जराशी थरथर कळते. कोणी धाडकन दार आपटलं की तो जागीच थिजतो, नाहीतर सरळ खाली उडी टाकून नाहीसा होतो.

इथे का नाही मिळत?

न्यूझीलंडचा कायदा याबाबत फार कडक आहे. सुगीचा उंदीर इथे नाही आणि आणताही येत नाही. हॅमस्टर आणि जर्बिलसुद्धा पाळता येत नाहीत. कारण ऐकण्यासारखं आहे. या देशात वटवाघुळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नव्हता. पक्षी निर्धास्त जमिनीवर अंडी घालायचे. मग जहाजांतून उंदीर उतरले. साधा घरउंदीर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला, आणि पाली, किडे, पक्ष्यांची अंडी-पिल्लं यांचा फडशा पाडू लागला. दक्षिणेकडच्या अँटिपोडीज बेटावर २०१६ साली उंदरांविरुद्ध मोहीम काढली आणि २०१८ साली बेट उंदीरमुक्त झाल्याचं जाहीर झालं.

तेव्हा उरला तो दुकानात मिळणारा पाळीव उंदीर. हा घरउंदराचाच वंशज, पण पिढ्यानपिढ्या माणसाच्या हातात वाढलेला. पांढरा, काळा, ठिपक्यांचा. त्याचं वजन तीस-चाळीस ग्रॅम, आणि शेपटीने लटकण्याचं कसब बेताचं. नातीने थोडं तोंड वाकडं केलं, पण हो म्हणाली. दोन माद्या आणल्या. काळीचं नाव ठेवलं तीळ, पांढरीचं खोबरं.

आम्हा जुन्या लोकांची भीती

मिस्टर म्हणाले, "प्लेग आणतेस का घरात?" त्यांचंही चुकीचं नव्हतं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, त्याच्या गोष्टी आमच्या आजीच्या तोंडून आम्ही ऐकल्या. घरात उंदीर मरून पडला की लोक गाव सोडायचे. त्या साथीत लस तयार करणारे डॉक्टर हाफकिन आपलेच, ओडेसाचे यहुदी. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्यांच्याच नावाची.

आणि त्याच्याही आधी? आपल्या तनाखात शमुएलचं पहिलं पुस्तक उघडा. कराराची पेटी पलिष्ट्यांनी पळवून अश्दोदला नेली, तेव्हा त्यांच्यावर रोग आला आणि पेटी परत पाठवताना त्यांनी सोबत सोन्याचे पाच उंदीर पाठवले. ही गोष्ट सांगितल्यावर नात म्हणाली, "म्हणजे आमच्या गावचेच की!"

पण उंदराची दुसरी बाजूही आम्ही नर्सिंगला असताना ऐकली. आमच्या शिकवणाऱ्या सिस्टर सांगायच्या, पूर्वी बाई गरोदर आहे का हे उंदरांवरून कळायचं. १९२७-२८ साली बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक या डॉक्टरांनी ती तपासणी काढली. बाईची लघवी लहान मादी उंदरांना टोचायची, काही दिवसांनी उंदीर मारून त्यांचे बीजकोश तपासायचे. झोंडेक पुढे जर्मनीतून निघून जेरुसलेमच्या हदासा हॉस्पिटलात काम करू लागले. उंदीर आणि नर्स यांची ओळख तशी जुनीच म्हणायची.

पाळीव उंदीर स्वच्छ जागी जन्मलेला असेल तर धोका थोडा, पण नाहीच असं नाही. हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, स्वयंपाकघरात आणायचा नाही, आणि गरोदर बाईने दूर राहायचं, कारण उंदरांतला एक विषाणू पोटातल्या बाळाला इजा करतो. एवढं पाळलं की झालं.

पहिला आठवडा

तीळ आणि खोबरं पेटीत सोडल्या आणि दोघी भिंतीला अंग घासत कडेकडेने पळू लागल्या. मधोमध यायचं नावच नाही. नात म्हणाली, "यांना मधली जागा आवडत नाही का?" आम्ही म्हटलं, "उंदराला लांबचं नीट दिसत नाही. मिशा भिंतीला लागल्या की एक बाजू तरी राखली गेली, असं त्याला वाटतं. नवी जागा ओळखीची झाली की तो मध्ये येतो."

बोलता बोलता आम्ही थांबलो. शाळेच्या भिंतीला पाठ लावून उभी राहणारी पोरगी डोळ्यांपुढे आली. तीही काही बोलली नाही, फक्त पेटीकडे बघत राहिली.

उंदीर कसा उचलायचा हेही आम्हाला नव्याने शिकावं लागलं. प्रयोगशाळेत आम्ही सगळे उंदीर शेपटीने उचललेले बघितले होते. पण २०१० साली इंग्लंडात लिव्हरपूलच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी दाखवलं, की शेपटीने उचललेला उंदीर माणसाला भितो आणि भीतच राहतो. नळीत शिरू देऊन उचलला किंवा दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतला तर आपणहून जवळ येतो. वरून हात घातला तर त्याला घार झडप घालतेय असंच वाटणार. तेव्हा नियम केला: हात पेटीत उघडा ठेवायचा आणि वाट बघायची. चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी खोबरं येऊन नातीचं बोट हुंगून गेली. नातीने श्वास रोखून धरला होता.

वासाची भाषा

आमची स्वच्छतेची खोड इथे आड आली. आम्ही रोज पेटी धुवून लख्ख करायचो, आणि दोघी बिथरायच्या. मग कळलं की उंदराचं सगळं जग वासाचं आहे. थेंब थेंब मूत टाकून तो सांगतो, 'मी इथला आहे, मी अमका आहे.' सगळं एकदम धुतलं म्हणजे त्याच्या घराची पाटीच पुसली. आता आम्ही आठवड्यातून एकदा साफ करतो आणि जुन्या घरट्यातलं मूठभर गवत परत ठेवतो.

लेक हे ऐकून म्हणाली, "आई, अश्दोदचं घर रिकामं करताना हिची जुनी चादर मी टाकून दिली. चार दिवस रडत होती." आपण वडीलमाणसं सामान आवरतो, पण लहान मुलाच्या वासाची पाटी कुठल्या कपड्यावर असते ते बघत नाही.

पेटीत एक कपही आहे. न्यू लिन हे पूर्वी विटा आणि मातीच्या भांड्यांचं गाव. इथल्या क्राऊन लिन कारखान्याचे कप-बशा न्यूझीलंडात घरोघरी होत्या. कारखाना १९८९ साली बंद पडला. जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलेला, कान तुटलेला तो कप आडवा ठेवला, तर दोघींनी कागद कुरतडून त्यात घरटं केलं. सुगीच्या उंदरासारखं विणलेलं नव्हे, पण उबदार.

आम्ही सुईण असून फसलो

पंधरा दिवसांत तीळ गोल दिसू लागली. आम्ही म्हटलं, खाते फार. जन्मभर बाळंतपणं केलेली बाई! एका सकाळी कपात सात गुलाबी पिल्लं, राजम्याच्या दाण्याएवढी. दुकानातच नरांबरोबर राहून ती गरोदर आली होती. उंदरीला एकोणीस ते एकवीस दिवस लागतात, आणि विताच लगेच पुन्हा गाभण राहू शकते. जवळ नर नव्हता म्हणून वाचलो.

तेव्हा बघितलेली एक गोष्ट विसरणार नाही. एक पिल्लू घरट्याबाहेर घरंगळलं. आम्हाला काहीच ऐकू आलं नाही, पण तीळ झोपेतून उठून धावली आणि त्याला तोंडात धरून आत घेऊन गेली. गारठलेली पिल्लं इतक्या बारीक स्वरात ओरडतात की माणसाच्या कानाला ते ऐकू येत नाही. आईला येतं.

पण सात पिल्लांचं करायचं काय? थोड्याच दिवसांत तीही पोराबाळांची होणार. नात म्हणाली, "रेवारेवा ओढ्याकाठी गवत आहे, तिथे सोडू. ते सुगीच्या उंदरांसारखे राहतील." आम्हाला नाही म्हणावं लागलं. एक तर हे हाताखाली वाढलेले, दोन दिवसांत मांजराच्या तोंडी जातील. जगले तर पाली आणि पक्ष्यांची पिल्लं खातील. या देशाने आपल्याला घर दिलं, त्याच्या पक्ष्यांच्या घरात आपण उंदीर सोडायचे का? पोरगी खूप रडली. मग म्हणाली, "मग मीच त्यांना घरं शोधीन."

तिने बाईंना विचारून वर्गात पाच मिनिटं मागितली. आदल्या रात्री आमच्यासमोर दहा वेळा इंग्रजीत म्हणून दाखवलं. नर वेगळा ठेवायचा, नाहीतर भांडतात. माद्यांना सोबत लागते, एकटी ठेवायची नाही. शेपटीने उचलायचं नाही. घाईघाईने हात घालायचा नाही. शब्द चुकले, व्याकरण चुकलं, पण वर्गाला सगळं समजलं. पाच पिल्लं आईवडिलांची परवानगी आणलेल्या घरी गेली, दोन माद्या आम्ही ठेवल्या. आणि मधल्या सुट्टीत मुलं तिच्याकडे येऊ लागली, तुझ्या उंदराने आज काय केलं म्हणून आपल्या उंदराचं सांगायला.

पेसाहची अडचण

पेसाहला नवाच प्रश्न. उंदरांच्या खाण्यात ओट, गहू, जव. हे सगळं हामेत्स, घरात ठेवायचं नाही आणि जनावरालाही घालायचं नाही. आपण बेने इस्राएल तांदूळ खातो हे बरं. आठ दिवस उंदरांनीही तांदूळ, बाजरी, उकडलेल्या अंड्याचा तुकडा आणि काकडी खाल्ली. बदल हळूहळू, आठवडाभर आधीपासून केला, म्हणजे पोट बिघडत नाही. आमच्या मिस्टरांनी शोधून काढलं, की तालमूदच्या पेसाहिम भागात उंदीर भाकरी घेऊन घरात शिरला आणि उंदीर भाकरी घेऊन बाहेर पडला तर तो तोच उंदीर का, यावर हाहामांनी वाद घातला आहे. म्हणजे आम्ही काही पहिले नाही!

तीळचं दुखणं

उंदीर दीड-दोन वर्षंच जगतो. हे आम्ही पहिल्या दिवशीच नातीला सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि बघणं वेगळं.

उंदीर दुखणं लपवतो. रानात आजारी दिसला की त्याला कोणीतरी उचललाच. म्हणून चेहरा वाचावा लागतो. २०१० साली कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेफ्री मोगिल यांच्या मंडळींनी उंदराच्या वेदनेच्या पाच खुणा सांगितल्या: डोळे बारीक होतात, नाक फुगीर दिसतं, गाल फुगतात, कान मागे जातात, मिशा ताठ होतात किंवा गालाला चिकटतात. वॉर्डात ज्यांना बोलता येत नाही त्यांचं दुखणं आम्ही असंच कपाळाच्या आठीवरून ओळखायचो.

गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या फेब्रुवारीत, नात म्हणाली, "आजी, तीळचे डोळे बघ." आम्ही बघितलं, म्हटलं झोप आली असेल. ती म्हणाली, "नाही. ती कपाबाहेर एकटी बसलीय. तिला दुखतंय." चाळीस वर्षं नर्सची नोकरी केलेल्या बाईला जे दिसलं नाही ते तिला दिसलं. जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. पोटाखाली गाठ होती, आत पसरलेली. त्यांनी झोपेची सुई सुचवली. नातीला विचारलं तर म्हणाली, "दुखत ठेवायचं नाही." तिनेच ओंजळीत धरली होती.

लिंबाच्या झाडाखाली पुरली. नातीने विचारलं, "हश्काबा म्हणायची का?" आम्ही म्हटलं, "ती माणसांसाठी असते. हिला तू तुझ्या मनातलं सांग." बराच वेळ ती पुटपुटत होती. थोडं हिब्रूत, थोडं मराठीत, थोडं इंग्रजीत.

छोट्या दोस्तांसाठी

१. दोन माद्या आणा, एकटी नको. आणल्यावर तीन आठवडे नीट लक्ष ठेवा. (आमच्यावर हसू नका.)

२. वासाचा लाकडी भुसा घालू नका, छातीला बाधतो. कागद आणि वाळलं गवत बरं.

३. चाक भरीव हवं, नाहीतर शेपटी अडकते. कैद्यासारखं फिरवता असं कोणी म्हटलं तर सांगा, की २०१४ साली हॉलंडच्या शास्त्रज्ञांनी उघड्या रानात चाक ठेवलं, तेव्हा रानातले उंदीरही आपणहून येऊन त्यात पळाले.

४. शेपूट जमिनीवर खटखट आपटली म्हणजे राग किंवा भीती. तेव्हा हात बाहेर ठेवा.

५. केस पिंजारलेले, पाठ कुबडी, श्वासात टिकटिक आवाज: त्याच दिवशी मोठ्यांना सांगा.

६. आपण जेवण्याआधी त्यांना खायला द्या. ही शिकवण आपल्या हाहामांचीच आहे.

७. इस्राएलात राहणाऱ्यांनो, एन गेदीला गेलात तर खडकांत काटेरी केसांचे उंदीर बघा. एक जात रात्री फिरते, दुसरी सोनेरी जात दिवसा. एकाच जागेत वाटून घेऊन राहतात. त्यांना घरी मात्र आणू नका.

सुगीचा उंदीर काही आमच्या नातीला मिळाला नाही. चित्र तिने भिंतीवर लावलं आहे, आणि खाली तीळच्या दोन लेकी चाकावर पळत असतात. परवा शाळेच्या बाई म्हणाल्या, वर्गात एक नवीन मुलगी आली आहे, भाषा येत नाही, भिंतीपाशी उभी राहते. तुमची नात रोज तिच्याशेजारी जाऊन उभी राहते. काही बोलत नाही, नुसती उभी राहते.

आम्ही घरी आल्यावर विचारलं, "बोलत का नाहीस तिच्याशी?"

नात म्हणाली, "आजी, अजून चारच दिवस झालेत."